डावा मागचा ड्रम

सत्तावीस वर्षं मी कवळ्या घडवल्या, परळच्या एका लॅबमध्ये.
माणसं फारशी भेटली नाहीत. त्यांचे जबडे भेटले,
प्लास्टरचे, फळीवर ओळीने, उघडे आणि गप्प.
म्हणून पहिल्यांदा बॉनेट उचललं तेव्हा घाबरले नाही.

चौसष्टची फियाट अकराशे. रंग कधीकाळी राखाडी.
ऑर्लेमच्या अलॉयशियस कुटिन्होंनी दिली,
घासाघीस न करता, एकाच अटीवर:
वहीपण न्यायची.

वही म्हणजे तीन भाषांची खिचडी.
“ग्रीस मारलं. चौदा निपल. तेरा घेतात, एक घेत नाही.”
“लव्हिनाच्या बाप्तिस्म्याला जाताना शीवला उकळली.
पंपावर ओलं फडकं. पोचलो. पाद्री थांबला होता.”
आणि दर चार-पाच पानांनी,
कधी शाईत, कधी बॉलपेनात, शेवटी थरथरत्या पेन्सिलीत:
“डावा मागचा ड्रम – उद्या.”

चेंबूरच्या सोसायटीत, पार्किंग नंबर नऊ.
खाली ढोकळ्याचं ताट ठेवलंय, कारण सेक्रेटरी पेंढरकर
पेव्हर ब्लॉकवरचे तेलाचे डाग मोजतात.
ऑक्टोबर. पान्यावरून घाम ओघळतो.

जेटचं भोक सुईच्या नेढ्याहून बारीक.
मेकॅनिक म्हणाला, तार घाला.
तारेनं भोक मोठं होतं, मग गाडी प्यायला लागते.
मी तो श्रीखंडाच्या डब्यात पेट्रोलमध्ये बुडवला,
सायकलच्या पंपानं फुंकला,
ट्यूबलाइटसमोर धरला:
पलीकडून उजेडाचा एक कण. बास.

पॉइंटच्या मध्ये निळा कागद धरला,
कवळीचा चावा बघायला वापरायचे तोच.
ठसा उमटला एकाच कडेला.
वाकडा चावा! हे मला येतं.

आणि गंज म्हणजे कीडच.
वरून रंग शाबूत, प्रोबनं टिचकी मारली की आवाज पोकळ.
उंबऱ्याच्या पत्र्यात कुटिन्होंनी एमसील भरलेलं,
एमसीलमागे वर्तमानपत्राचा बोळा,
बोळ्यावर अर्धी जाहिरात: “गृहकृत्यदक्ष, गोरी, शि–”
पुढचं गंजानं खाल्लं.
वेल्डिंगला पैसे नव्हते की धीर नव्हता, वहीत लिहिलेलं नाही.

आज रविवार. गाडी विटांवर. डावा मागचा ड्रम.
दोन स्क्रू. एक सुटला, जणू माझीच वाट बघत होता.
दुसरा नाही.
रात्रभर रॉकेल. नाही.
हातोडी. लॅबमधला जुना बर्नर. परत हातोडी.
कुर्ल्याच्या भंगारवाल्या इद्रिसला फोन केला.
“आधी आवळा, बाई. आवळला की मग सुटतो.”
आवळला. केसभर हलला,
मग त्याचं डोकंच गुळगुळीत झालं
आणि मी तोंडातून काय काढलं
ते दुसऱ्या मजल्यावरच्या गोखलेकाकूंनी ऐकलं,
कारण खिडकी हळूच लागली.

फरशीवर बसून राहिले. नखांत काळं, गुडघ्यांत कळ.
दिवे लागले. पेंढरकर येऊन ताट बघून गेले.
हात पुसून वही उघडली.
त्यांच्या शेवटच्या ओळीखाली जागा होती.
माझं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं आहे,
वाक्य तेच.

मग त्यांनाच फोन लावला.
“ड्रम उघडला?” त्यांनी आधीच विचारलं.
“उद्या,” म्हटलं.
ते इतके हसले, इतके हसले
की हसण्यामागे मला ऐकू आलं
टक्, टक्,
वरची कवळी हिरडी सोडतेय.
पाच मिनिटांचं काम. घासायची, लायनिंग घालायची.
“दात सैल झालेत तुमचे,” मी म्हटलं,
“या एकदा, बसवून देते.”

लाइनवर थोडा वेळ शांतता. टक्.
“येईन की,” म्हणाले. “उद्या.”